उघडी रांग

आईचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात, नवे धंदे सुरू करणाऱ्यांच्या केंद्राच्या जिन्यात चौथ्या पायरीवर बसून कडक भाकरी खात होते. कडक भाकरी खाताना फोनवर बोलू नये, पलीकडच्याला वाटतं इकडे कोणी कौलं फोडतंय. म्हणून घास गालात धरून मी नुसतं 'हं, हं' करत होते. आईचे फोन तसेही 'हं'वरच चालतात. शेळी व्याली, हं. मावशीची दाढ काढली, हं. आबांनी पुन्हा चष्मा रानात हरवला, हं. आणि मग त्याच सुरात, चष्म्याच्या पाठोपाठ ती म्हणाली, "ऊन आतापास्नंच लई तापाय लागलंय बग. गेल्या उनाळ्यात तुज्या रोपास्नी पानी घालत हुते, तसं औंदा बी घालाय लागंल. पर माजं गुडगं दुकत्यात. तुज्या आबांस्नी सांगू का?" मी घास गिळला. तो अजून गिळायच्या लायकीचा झाला नव्हता. "कसलं पाणी?" मी विचारलं. "कसलं म्हंजी? धुन्याभांड्याचं. तांब्या-तांब्या घालायची की रोज." तिच्या आवाजात कबुली नव्हती, असलीच तर तक्रार होती, आणि तीही गुडघ्यांबद्दल. मी म्हणाले, "आई, मी नंतर करते," आणि फोन ठेवून दिला. सव्वादोन वाजले होते. जिन्याच्या जाळीतून खालचा रस्ता दिसत होता, समोरच्या दुकानदाराने अर्धं शटर ओढून घेतलं होतं, आणि पलीकडच्या गल्लीतल्या मागांची खटखट एका लयीत चालू होती. माझी मात्र कुठली तरी लय मोडली होती. हातातल्या भाकरीच्या तुकड्याकडे मी नुसती बघत राहिले.

हे कोणाला सांगितलं तर तो म्हणेल, बाईने रोपांना पाणी घातलं, एवढंच ना? एवढंच. पण आमच्याकडे, सांगोल्याच्या बाजूला, मेंढ्या आहेत, डाळिंबं आहेत आणि पाणी नाही. मेंढीची लोकर आता कोणी विचारत नाही. जाड, काळी, टोचरी. घोंगडी विणणारे कमी होत गेले आणि कातरलेली लोकर आबा बांधावर टाकून देऊ लागले. ती लवकर कुजत नाही, आणि तिच्याखालची माती चैत्रातही ओलसर राहते, हे मी फ्रॉक घालायच्या वयापासून पाहिलेलं. पुण्यात एका बियाणांच्या कंपनीत नमुने तपासायचं काम करत असताना एका दुपारी ते आठवलं, आणि आठवून थांबलं नाही. मी नोकरी सोडली. लोकर भिजवून, दाबून दोन बोटं जाड आणि परातीएवढी गोल चटई करायची, मधे भोक पाडायचं, आणि ती डाळिंबाच्या रोपाच्या बुडाशी घालायची, हा माझा धंदा. गेल्या वर्षी माघात घरच्या रानात रोपांच्या दोन रांगा लावल्या, चाळीस-चाळीस. एकीला लोकर, दुसरी उघडी. दोन्हींना दर आठव्या दिवशी सारखंच पाणी, मधे एक थेंब नाही. पावसाळ्याच्या तोंडाला लोकरीच्या रांगेत अडतीस रोपं जिवंत राहिली, उघडीत तेहतीस. केंद्रात ज्या समितीपुढे मी हे मांडलं, तिच्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, उघडी रांगही इतकी कशी काय तगली? मी झटक्यात म्हणाले, आमची माती चांगली आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण समितीने मान डोलावली, आणि त्या अडतिसाच्या जिवावर मी तेव्हापासून बोलत आले. उद्या, गुरुवारी अकरा वाजता, हिंदुराव तात्या येणार होते. त्यांच्या डाळिंबवाल्यांच्या गटातल्या साठ घरांनी मिळून चार हजार नवी रोपं लावली होती. या आकड्यांचा माझा कागद हातात आला की त्या सगळ्या रोपांना लोकर लागणार होती, आणि सगळी आठव्या दिवसाच्या पाण्यावर सोडली जाणार होती. आणि माझ्या कागदावरच्या रोपांना माझी आई रोज पाणी घालत होती.

मला घाम फुटला, आणि त्या घामाला ओल्या लोकरीचा वास आला. तो वास माझ्या कपड्यांना, केसांना असतोच. शहरात पहिल्यांदा आले तेव्हा त्याची लाज वाटायची, नंतर इथल्यांनी त्याची थट्टा करून करून ती लाज घालवली. आता तो वास मला माझाच पुरावा वाटला. पुण्यात मी दुसऱ्यांच्या नमुन्यांवर लाल फुली मारणारी बाई होते. कुठे हात लागला, कुठे ओल राहिली, कोणी देखरेख केली नाही, सगळं मला लांबून दिसायचं. आणि स्वतःच्या रानात मी काय केलं, तर आबांना सांगितलं. तीनदा बजावलं की मधे पाणी द्यायचं नाही. आबा बोलायला कमी आणि शब्दाला पक्के, त्यांनी एक थेंब दिला नसणार. आईला सांगायचं मला सुचलंच नाही. रान आबांचं, मोटार आबांची, म्हणजे पाणीही आबांचं, असं मी धरून चालले. कळशी कोणाच्या कमरेवर असते हे माझ्या कागदात कुठेच नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात राहून, त्याच कमरेवर बसून लहानाची मोठी होऊन, मला ते दिसलं नाही, आणि त्या जिन्यात बसून मला स्वतःचा असा राग आला की भाकरीचा उरलेला तुकडा मी खाली कावळ्याला फेकला. कावळ्याने तो दोनदा टोचला आणि सोडून दिला.

तिने असं का केलं हे मला विचारायची गरज नव्हती. सातवीत असताना शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं. मी टकळीवर लोकरीचं सूत काढलं होतं, पंधरा दिवस बसून, आणि ते पंधरा दिवस दिसत होते. कुठे करंगळीएवढं जाड, कुठे तुटायला आलेलं. प्रदर्शनाच्या दिवशी दप्तरात गुंडा ठेवताना तो हाताला वेगळा लागला. गुळगुळीत, एकसारखा. आईने पहाटे उठून माझं सूत उकलून सगळं पुन्हा काढलं होतं. पहिला नंबर आला, कंपासपेटी मिळाली. बाई म्हणाल्या, सुकन्याचा हात बघा किती सफाईदार. मी मान खाली घातली, सगळ्यांना वाटलं लाजली. त्या कंपासपेटीतल्या कंपासने मी दहावीपर्यंत वर्तुळं काढली, आणि प्रत्येक वर्तुळ काढताना वाटायचं हे माझं नाही. आईची माया ही अशी आहे. ती तुमच्या सुताला गाठ राहू देत नाही, आणि मग ते सूत तुमचं राहत नाही. लेकीच्या लोकरीची रांग वाळली तर लेकीचं तोंड वाळेल, म्हणून ती गुडघे दुखेपर्यंत तांब्या घेऊन रोज वाकली असणार. मला ते चित्र दिसत होतं, पदर खोचलेली, एका हाताने कळशी कमरेशी धरलेली. माया दाटून यावी असं चित्र, आणि मला त्या चित्राचा संताप येत होता. असा संताप आला की मग त्याचीही लाज वाटते. अशी लाजेवर लाज चढत गेली आणि पावणेतीन वाजले.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही एक मन म्हणत होतं. आई इथे येणार नाही, तात्या आईला विचारणार नाहीत. लोकर खोटी थोडीच आहे? फायदा तर होतच असेल, थोडा कमी असेल, कागदावर 'आठव्या दिवशी'च्या जागी 'सहाव्या दिवशी' करू, विषय संपला. पुण्यात असा विचार करणाऱ्या माणसांची मी नावं सांगू शकते. त्यांची तोंडं कशी दिसायची तेही आठवतं, विशेष वाईट नाही, आपल्यासारखीच, थोडी जागरणं झालेली. मी जाळीच्या पत्र्यात माझं तोंड बघायचा प्रयत्न केला, काही दिसलं नाही.

"काय गं, भाकरी अडकली का काय?" वरून शिवू आला. शिवू उजनीच्या पाण्याकाठच्या गावचा, चाळिशी ओलांडलेला, मोटारपंप घरबसल्या चालू-बंद करायची पेटी बनवतो. त्याची पेटी अजून कधी कधी आपल्या मनाने चालू होते, त्यावर तो म्हणतो, तिला बी जीव हाय. माझं लोकर दाबायचं यंत्र त्यानेच केलेलं. टेंभुर्णीकडची एक रसवंती बंद पडली होती, तिचा चरक तो टेम्पोत घालून घेऊन आला आणि आठ दिवसांत त्यातून चटया निघू लागल्या. पहिल्या पन्नास चटयांना रसाचा असा गोड वास होता की गोदामात मुंग्यांची रांग लागली. ती बघायला सगळं केंद्र जमलं होतं. त्याला सांगावं असं ओठांवर आलं. "काही नाही," मी म्हणाले. "आज तुजा नंबर हाय न्हवं फळीवर?" तो म्हणाला. "तयारी झाली? लई मोटी चूक काडू नगंस, मागच्या बुदवारी माजं ऐकून मान्सं दोन दिवस गप हुती." आणि हसत खाली गेला.

फळीचं सांगायला हवं. ही इमारत पूर्वी टॉवेलचा कारखाना होती. माग विकले गेले, पण विणकराची बसायची एक फळी तेवढी राहिली, मधोमध झिजून खोलगट झालेली. केंद्र महानंदा मॅडम चालवतात. त्या तंत्रनिकेतनात तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या आणि, त्यांच्याच शब्दांत, 'शिकवायची खोड मोडावी म्हणून' इथे आल्या. सोमवारी इथे कोणी तरी हिशेब शिकवायला येतो, शुक्रवारी कोणी तरी माल बाहेर पाठवायचे नियम सांगतो. बुधवार मात्र मॅडमचा. चार वाजता ज्याची पाळी त्याने फळीवर बसायचं आणि अलीकडे आपलं काय चुकलं ते सांगायचं. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. ज्याच्या तोंडून सल्ला निघेल त्याने पुढच्या बुधवारी सगळ्यांना भजी आणायची. सोलापुरात माणसाला एक वेळ शेंगाचटणीपासून लांब ठेवता येईल, सल्ला देण्यापासून नाही. शिवूने आतापर्यंत नऊ वेळा भजी आणली आहेत. मी आजच्यासाठी एक चूक तयार ठेवली होती. पहिल्या खेपेच्या चटयांची भोकं लहान पडली, खोडाला काच बसला, परत मागवून कापाव्या लागल्या. छान, बिनविषारी चूक. शेवटी सगळे हसले असते.

चार वाजता मी फळीवर बसले. समोर आठ-नऊ जण, कोणी खुर्चीत, कोणी सुताच्या गोणीवर. पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्याने मॅडमच्या कपाळावरची पांढरी बट उडत होती आणि त्या ती परत परत मागे सारत होत्या. गोणीवर भुवनेश्वरी बसली होती. ती विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलतात. टॉवेलच्या कडांचं वाया जाणारं सूत गोळा करून ती तान्ह्या मुलांची दुपटी करते. बोलते फार कमी. समोर काहीही असलं तरी ओठांतल्या ओठांत मोजत असते, ओकटी, रेंडू, मूडू. माझी लोकर पिंजायला तिने घरची जुनी पिंजण दिली होती आणि दिली म्हणून कधी सांगितलं नव्हतं. फळी खोलगट असल्यामुळे माणूस आपोआप मधे सरकतो, कडेला बसता येत नाही. मी म्हणाले, "माझी चूक भोकाची आहे. पहिल्या पाचशे चटया..." आणि पुढचं वाक्य मला तोंडपाठ होतं. पण त्या झिजलेल्या लाकडाचा गारवा मांडीला लागला आणि मनात आलं, इथे माणसं वर्षानुवर्षं बसली आणि रोज तेच काम करून लाकूड झिजवलं, आणि मी इथे बसून भोकाची गोष्ट सांगणार. "नाही," मी म्हणाले. "ती जुनी झाली. आजची वेगळी आहे." आणि सांगून टाकलं. फोन, तांब्या, आबांना तीनदा बजावलं ते, आईला एकदाही नाही ते, उद्याचे तात्या, साठ घरं, सगळं. सांगताना माझा आवाज कुठल्या तरी दुसऱ्याच बाईचा वाटत होता, पण ती बाई बरी बोलत होती.

कोणी हळहळलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मॅडमनी विचारलं, "तुला कळलं कधी?"

"आज. सव्वादोनला."

"तात्यांना सांगणार होतीस?"

मी खरं सांगितलं. "जिन्यात होते तोपर्यंत तरी नाही."

शिवू पुढे झुकला. "मग तू आता असं कर..." सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. त्याने आवंढा गिळला. "...मग तू आता काय करनार हायेस?"

"कागद परत घेणार," मी म्हणाले, आणि बोलल्यावर मला कळलं की हे मी ठरवलं आहे. एका वर्षाचं काम, चरक, मुंग्या, सगळं एका तांब्यात बुडालं होतं.

मग भुवनेश्वरी बोलली. तिचा प्रश्न इतका साधा होता की आधी मला तो नीट ऐकूच आला नाही असं वाटलं. "आई पाणी कोणत्या रांगेला घालत होती?"

"लोकरीच्या," मी म्हणाले. "म्हणजे माझ्या."

"असं त्या म्हणाल्या?"

मी तोंड उघडलं. आईचं वाक्य आठवलं, शब्दन् शब्द. तुज्या रोपास्नी. दोन्ही रांगा माझ्याच होत्या. "नाही," मी म्हणाले. "तसं नाही म्हणाली."

"तू विचारलंस?"

मी नकारार्थी मान हलवली. पुण्यात लाल फुल्या मारणारी बाई, आणि एक प्रश्न विचारायच्या आत फोन ठेवून दिलेला, कारण उत्तर मला सातवीपासून माहीत होतं. शिवूच्याने राहवेना. तो छताकडे बघत म्हणाला, "हितं फोनला रेंज येती का न्हाय?" हा प्रश्न आहे की सल्ला यावर एरवी अर्धा तास वाद झाला असता. आज मॅडमनी नुसत्या भुवया उचलल्या. मी फोन लावला आणि आवाज मोठा करून फळीवर ठेवला. सहा वेळा वाजला. आईचा फोन नेहमी सहा वेळा वाजतो, कारण ती हात पुसून घेते.

"आई, गेल्या उन्हाळ्यात तू पाणी घालायचीस, ते कुठल्या रांगेला?"

"कुटल्या म्हंजी? उगड्या," आई म्हणाली. "ती बिचारी उनात हुबी. लोकरीच्या रांगेला बी गेल्ते पयल्या दिशी तांब्या घिऊन. बुडात हात घालून बगितलं तर गार. दुसऱ्या दिशी बगितलं, गार. सातव्या दिशी बी गार. मग त्यास्नी कशाला? उगं मुळ्या कुजायच्या. उगडीला मातूर रोज घालायची, तरी सात गेलीच बग, बांदाकडची. माज्या जिवाला लई लागलं." मग जरा थांबून, "का गं? चुकलं का काय माजं?"

भुवनेश्वरीचे ओठ हलायचे थांबले होते. उघड्या रांगेला रोज तांब्याभर पाणी, आणि तेहतीस. लोकरीला आठव्या दिवसाखेरीज थेंब नाही, आणि अडतीस. समितीतले ते गृहस्थ बरोबर होते. माती चांगली नव्हती, आमची माती कधीच चांगली नव्हती.

मी चुकीची आठवण काढून बसले होते. दुसरी होती, तिच्याच शेजारी, आणि ती मी काढलीच नव्हती. मी अकरा वर्षांची असताना एका उन्हाळ्यात टँकर चौथ्या दिवशी यायचा. आई मला पिंपावर राखणीला बसवून मेंढरांमागे गेली होती. कुणाला हात लावू देऊ नगंस म्हणाली. दुपारी एक बाई आली, कडेवर पोर, मागे चार शेरडं, कुठल्या तरी लांबच्या गावची. तिने तांब्याभर मागितलं. मी नाही म्हणाले. ती काही न बोलता गेली. आई परत आली, मी अभिमानाने सांगितलं. तिने हातातली काठी टाकली, तांब्या भरला, वर झाकणी ठेवली आणि त्या उन्हात त्या बाईच्या मागावर निघाली. खूप उशिराने आली. रागावली नाही. पाय पसरून बसली आणि म्हणाली, "राकन कर म्हनलं हुतं. तान्हेल्याला परतीव म्हनलं न्हवतं." तिची माया माझ्यापाशी सुरू होत असेल, पण ती माझ्यापाशी थांबत नव्हती. ज्याला तहान लागली त्याच्याकडे ती जायची, लेकीची रांग असो की दुसरी कोणती. आणि मी ती माझ्या नावावर लावून तिच्यावर दुपारभर चिडले होते. मला रडू आलं. आठ-नऊ माणसांसमोर, फळीवर बसून, मी पदर नसल्यामुळे ओढणीने डोळे पुसले, आणि त्या ओढणीलाही लोकरीचा वास होता.

"सुकन्या? हायेस न्हवं?" फोनमधून आई म्हणाली.

"गोजाबाई, मी महानंदा," मॅडम वाकून म्हणाल्या. "तुमचं काही चुकलं नाही. एक विचारू? यंदा उघड्या रांगेला पाणी घालू नका असं लेकीने सांगितलं तर?"

आईच्या पाठीमागे शेळी ओरडली. "तर मी पाऊस पडंपातूर भनीकडं जाऊन ऱ्हाते," आई म्हणाली. "मला न्हाय बगवायचं."

सगळे हसले, मीही. पण हसता हसता मला दिसत होतं की अडचण तशीच समोर आहे. आईच्या हातावर माझा विश्वास होता, पण एका रानावर आणि एका हाताच्या शब्दावर चार हजार रोपं सोडता येत नाहीत. पुन्हा करून बघायला हवं होतं, आणि एक रांग तहानेने मरू द्यायची तर आमच्या घरात ते होणार नव्हतं. घरी नाही, आणि मला वाटतं आमच्या सबंध तालुक्यात नाही. ज्यांनी पाणी नसणं पाहिलं आहे त्यांच्या दारात कोणतीही उघडी रांग शेवटपर्यंत उघडी राहत नाही, एखादी बाई तांब्या घेऊन निघतेच. पुस्तकातल्या पद्धतीत ती बाई बसत नव्हती.

"त्यांनी पाणी घातलं आणि ते मोजलं, तर?" भुवनेश्वरी म्हणाली.

ती माझ्याकडे बघत नव्हती, फोनकडे बघत होती. आणि मला आतून असा धक्का बसला की मी फळीवरून उठलेच. रोपाला मरू द्यायचंच कशाला? आठव्या दिवसाचं पाणी चालूच, मधे हात घालून बघ, कोरडं लागलं तर घाल, दोन्ही रांगांना, वाटेल तेव्हा. कोणती रांग किती मागते, एवढंच बघायचं. आईला थांबवायची गरजच नव्हती, तिच्या मागे मोजत जायचं होतं.

"आई," मी म्हणाले, "औंदा दोन्ही रांगांना घाल. तुझ्या हाताला कोरडं लागेल तेव्हा. फक्त मोज."

"मला कुटं मोजाय येतंय?"

"मेंढरं मोजतेस की."

"मेंढरं मोजायची नसत्यात," आई म्हणाली, जरा तुटकपणे, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. "वळकायची असत्यात."

शिवूने मांडीवर थाप मारली. "मावशी, घरात मोकळं डबं हायेत का दोन? आन रानात खडं हायेत का?"

"खड्याला काय तोटा हाय आमच्यात?"

"मग एका तांब्याला एक खडा टाकाय जमंल का? जी रांग, तिचा डबा?"

शिवूने हे सगळं प्रश्नार्थक विचारलं होतं आणि त्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता. आईने विचार केला. "जमंल," ती म्हणाली. मग भुवनेश्वरीने माझ्याकडे बघून विचारलं, "एकट्या तुझ्याच आईने का?" आणि मला हिंदुराव तात्यांची साठ घरं दिसली. प्रत्येक घरात कमरेवर कळशी असलेली एक बाई दिसली, जिला कोणीच काही विचारलं नव्हतं. तात्यांच्या पत्नी बजाबाईसुद्धा. उद्या अकरा वाजता मी तात्यांना पहिल्यापासून सांगेन, तांब्यासकट. ते चिडतील, कदाचित चार हजारांच्या जागी घरटी पाच-दहा रोपांपुरतीच लोकर घेतील, कदाचित उठून जातील. पण मी त्यांना एक विनंती करणार होते, पुढच्या वेळी एकटं येऊ नका. भीती वाटत होती, आणि तरी सव्वादोनपासून पहिल्यांदा मला भूक लागली होती.

"आन आता मी एक सांगू का?" आई म्हणाली. "पयलं इचारत जा, मग रडत जा."

एकदम तीन-चार जण ओरडले, "भजी! सल्ला दिला, भजी!" आईला काही कळेना. मॅडमनी तिला नियम समजावून सांगितला आणि त्या स्वतःच इतक्या हसल्या की ती पांढरी बट डोळ्यांवर आली तरी त्यांनी मागे सारली नाही. "येते की," आई म्हणाली. "मिरगाचा पाऊस पडला की येते भजी घिऊन. डबं बी आनते." आणि मग आवाज खाली आणून, जणू खोलीत फक्त मीच आहे असं, म्हणाली, "सुकन्या, त्यो लोकरीच्या रांगंचा डबा मोकळाच ऱ्हायला तर गं? तितली शिकलेली मान्सं म्हन्तील, म्हातारीनं आळस केला."

"म्हणू देत," मी म्हणाले. "तू मोकळाच आण. झाकण लावून, एस्टीत मांडीवर घेऊन ये."